तळाला दगडफूल

नाकासमोर चालणारी माणसं मुंबईच्या उपनगरांत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत हवी तेवढी सापडतील. पण नाकाच्या मागून चालणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा कुठेही जायचे तर आधी त्यांचं नाक आत जायचं, तिथल्या हवेची चौकशी करायचं, आणि पसंत पडली तर मग धोतर, छत्री आणि मामा असा सगळा लवाजमा मागून यायचा. चालताना खांबावर आपटू नये एवढ्यासाठीच देवानं नाकाला डोळ्यांची जोड दिली, असं त्यांचं मत होतं. माणूस भेटला की ते त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, किंचित पुढे झुकायचे, नाकपुड्या एकदा फुलवायचे आणि "काय, आज घरी फणस फोडला वाटतं?" असं विचारायचे. समोरचा अनोळखी असला तरी. रेशनच्या रांगेत तर त्यांच्या पुढचा-मागचा माणूस हळूहळू जागा सोडून द्यायचा, त्यामुळे मामांचं रेशन नेहमी लवकर मिळायचं.

मामा मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, पण मामांनी गिरणीऐवजी भांडुपच्या एका साबणाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि तिथे ते वासाच्या खात्यात रमले. साबणात, अगरबत्तीत, केसांच्या तेलात कोणता वास किती घालायचा, हे ज्या खोलीत ठरायचं त्या खोलीत मामा बसायचे. तिथे त्यांचा हुद्दा नेमका काय होता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या सांगण्यावरून, ते एक दिवस रजेवर गेले तर सगळी मुंबई पारोशी राहील असं वाटायचं. मामी म्हणायच्या, "हेंका थंय बाटल्ये धुवूक ठेवलेले आसत." खरं या दोहोंच्या मधे कुठेतरी असावं. एक मात्र नक्की, कारखाना संपला तरी मामांचं काम संपायचं नाही. मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत कपड्यांच्या दोरीवर कपडे कमी आणि टीपकागदाच्या पट्ट्या जास्त वाळत असायच्या. प्रत्येक पट्टीला एकेक वास लावलेला, आणि ती लावल्याबरोबर एकदा, चहा झाल्यावर एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा हुंगायची असा नेम. तोवर घरात फोडणी द्यायला बंदी. मामींची भाजी चिरून तयार असायची, तेल तापलेलं असायचं, आणि मामा दोरीखाली डोळे मिटून उभे. "वास गेलो चुलीत! माका फोडणी घालूची आसा," असं म्हणत मामी मोहरी टाकायच्या आणि मामांचा चंदनाचा सगळा अभ्यास तडतडून उडून जायचा.

वासांनी नाक थकलं की ते ताजं करायला मामा स्वतःच्या हाताचा कोपर हुंगायचे. स्वतःच्या अंगाचा वास म्हणजे नाकाची कोरी पाटी, असं त्यांचं शास्त्र होतं. शास्त्र असेलही, पण भर बसमध्ये, समोर बाई बसलेली असताना, साठीकडे झुकलेला गृहस्थ हात वाकडा करून स्वतःचाच कोपर दीर्घ श्वासानं हुंगतो, हे बघणाऱ्याला शास्त्र वाटत नाही. लग्नसमारंभात दारात अत्तर लावणारा उभा असायचा, त्याची तर मामा दिसले की बोबडी वळायची. मनगटाला लावलेलं अत्तर हुंगून मामा त्याचा हात घट्ट धरायचे. "हे गुलाब नाही. हा गुलाबाचा चुलतभाऊ आहे. कुठून आणलास?" मागे वऱ्हाडाची रांग लागायची. एकदा तर शेजारी कोणी गेलं म्हणून भेटायला गेलेले मामा त्या घरातल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "वाईट झालं रे. आणि तुम्हाला धूपही भेसळीचा दिलाय."

जगातल्या सगळ्या वासांची मामांनी गाण्यासारखी घराणी पाडली होती. फुलांचं घराणं: मोगरा, गुलाब, चाफा. लिंबाचं घराणं: लिंबू, संत्र्याची साल, ईडलिंबू. लाकडाचं घराणं: चंदन, देवदार, आणि मूळ असूनही दत्तक घेतलेला वाळा. मसाल्याचं घराणं: लवंग, दालचिनी, त्यांच्याच शेजारी राळ आणि ऊद. हिरव्याचं घराणं: तुळस, मरवा, चुरगळलेला पाला. आणि सगळ्यांत शेवटी, नाव घेताना मामांचा आवाज खाली यायचा ते, दगडफुलाचं घराणं. दगडफूल म्हणजे तेच, काळपट सुकलेल्या पापुद्र्यासारखं, जे आपण मसाल्यात भाजून घालतो आणि एरवी ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ओला दगड, जुनी विहीर, सावली असं सगळं त्या एका पापुद्र्यात साठलेलं असतं, असं मामा म्हणायचे. "विलायतेत याच्यावर सबंध घराणं उभं केलंय लोकांनी, आणि आपण ते मटणात घालून मोकळे!" हे ते मटण खाता खाता सांगायचे.

माणसांनाही या घराण्यांतून सुटका नव्हती. मामी मसाल्याच्या घराण्यातल्या, हे कोणालाही कळलं असतं. कारखान्यातले साहेब म्हणजे लाकडाचे, आणि त्यांचे मदतनीस म्हणजे लाकडाचा भुसा. मला मामांनी पहिल्याच दिवशी लिंबाच्या घराण्यात टाकलं आणि शेवटपर्यंत तिथून काढलं नाही. लिंबाचा स्वभाव असा की बाटली उघडल्याबरोबर सगळ्यांच्या आधी धावत पुढे येतो, माणूस खूश होतो, आणि त्यानं दुसरा श्वास घ्यायच्या आत लिंबू गायब. याच्यावर मला रागवता आलं नाही, कारण माझ्या घरी तेव्हा तीन धडे झालेली पेटी, एका डावानंतर मिटलेला बुद्धिबळाचा पट आणि हप्ताभर वापरलेले मुगदर एकाच माळ्यावर गुण्यागोविंदानं नांदत होते.

आता मी या घरात शिरलो कसा, ते सांगायला हवं. मामांची भाची शालन आईवडिलांविना मामा-मामींकडेच वाढली होती आणि तिच्यासाठी मुलगा बघणं चालू होतं. मी वाकोल्याला राहत होतो, कचेरीत कारकून होतो आणि माझंही बघणं चालू होतं. मुलीचे मामा वासांतले दर्दी आहेत, एवढं मला आधी कळलं होतं. कचेरीतल्या माझ्या एका मित्रानं सल्ला दिला, "यार, मग अत्तर लावून जा ना. झकास इम्प्रेशन पडेल." मी त्याच्या सल्ल्याच्या चौपट काम केलं. कानात हिन्याचा फाया, मनगटाला गुलाब, रुमालाला कोलनवॉटर आणि मानेवर अर्धा डबा पावडर. एवढं सगळं लावूनही मला काहीच जाणवत नव्हतं, म्हणून जिना चढताना आणखी थोडा गुलाब लावला.

मला जाणवत नव्हतं याचं कारण साधं होतं. मला वासच येत नाही. लहानपणापासून सर्दीनं माझ्या नाकात बिऱ्हाड केलेलं आहे. वेखंड झालं, निलगिरीचे वाफारे झाले, एका वैद्यानं नाकात सोडलेलं तेल कानातून बाहेर येतं की काय अशी वेळ आली, पण सर्दी हलली नाही. घासलेट आणि कैरीचं लोणचं यांतला फरक मला बाटली बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आणि गंमत अशी की दिसायला माझं नाक भव्य आहे. सरळ, लांब, दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं. रिकाम्या घराला सागवानी दरवाजा असावा, तसं.

मामांनी दार उघडलं, एक पाऊल मागे घेतलं आणि कोपर नाकाशी धरला. मग एक शब्द न बोलता त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. "मोरी तिकडे," ते म्हणाले. "साबण आहे. आधी आंघोळ. मग नमस्कार." मामी आतून ओरडल्या, "पोराक च्या तरी देवा आधी, मगे धुवा!" पण मामांनी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मुलगी बघायला गेलो आणि पंधरा मिनिटांत त्या घरच्या मोरीत अंगाला साबण चोळत होतो. माझा शर्ट वासासकट गॅलरीत टांगलेला. दाराच्या फटीतून पंचा आत आला, तो धरणारा हात बांगड्यांचा होता, आणि त्या हातामागे कोणीतरी हसू दाबत होतं. बाहेर आलो तो मामांच्या बनियनमध्ये. त्यात माझ्यासारखे दोन मावले असते. शालनला मी पहिल्यांदा दिसलो तो असा. मला ती दिसली ती ओठ दाताखाली धरून जमिनीकडे बघणारी, आणि त्या क्षणी मी ठरवून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशीच. बनियनच्या गळ्यातून खांदा बाहेर पडलेल्या माणसानं असलं काही ठरवणं हास्यास्पद आहे, हे तेव्हाही कळत होतं.

मामांनी मला समोर बसवून माझ्या नाकाकडे मूर्तिकारासारखं बघितलं. "नाक झकास आहे," ते म्हणाले. "चालतं का?"

"चालतं की," मी म्हणालो.

"मग असं कर. दर रविवारी सकाळी येत जा. घराणी शीक. दसऱ्याला परीक्षा. पास झालास तर पुढचं बोलू. आधीची मुलं इथूनच पळाली, आधीच सांगतो."

माझ्यासारखा लिंबाच्या घराण्यातला माणूस खरं म्हणजे दुसऱ्या रविवारीच विरून जायचा. पण मी जात राहिलो. मामा पट्टी नाकाशी धरायचे, मी डोळे मिटून छाती भरून हवा आत घ्यायचो आणि "वा!" म्हणायचो. मग डोळे किलकिले करून मामांचा चेहरा बघायचो. त्यांच्या भुवया वर गेल्या तर फुलं, ओठ मिटले तर लाकूड, आणि मान एका बाजूला कलली तर दगडफूल. या विद्येवर मी दोनचार रविवार तगलो.

मामा शिकवायचे मात्र जीव तोडून. "हे बघ, अत्तरात तीन माणसं राहतात. पहिला पाहुणा. येतो, मोठ्यानं बोलतो, चहा पितो, जातो. तुझं लिंबू ते. दुसरी घरची माणसं, म्हणजे फुलं. दिवसभर तीच दिसतात, घर त्यांचंच वाटतं. आणि तिसरा कोण?"

"कोण?"

"घरमालक! तळ! तो कधी जातच नाही. चंदन, ऊद, कस्तुरी, दगडफूल. आणि लक्षात ठेव, तळाचा वास सुटा घेतलास तर बरा नसतो. कस्तुरी नुसती हुंगलीस तर जिना उतरून पळशील. जे टिकतं ना, ते जवळून थोडं घाणच असतं. विचार तुझ्या मामीला."

"माका कित्याक विचारूक होया?" मामी म्हणाल्या. "मी इतकी वर्सां हुंगतंय न्हय तुमका!"

मामांना ते दाद दिल्यासारखं वाटलं. त्यांच्या मते मामींच्या डब्यातले सुक्या कोलंबीचे सोडे हा तळाचा उत्तम नमुना होता. कालवण संपतं, दिवस संपतो, पण हाताचा वास राहतो. मामी मासे घेऊन आल्या की ते पिशवीतही नाक घालून यायचे आणि बांगड्यात हिरव्या घराण्याचा अंश आहे की नाही यावर विचार करत बसायचे.

माझं बिंग फोडलं ते दुधानं. एका रविवारी मामा खाली वाण्याकडे राळ आणायला गेले होते, मामी शेजारी, शालन गॅलरीत. मी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून पट्टी हुंगायचा अभिनय करत होतो. स्टोव्हवर दूध होतं. ते उतू गेलं, आटलं, करपलं, धूर झाला. शालन धावत आली तेव्हा मी त्या धुरात डोळे मिटून, चेहऱ्यावर प्रसन्न भाव ठेवून, चाफा अनुभवत होतो.

तिनं स्टोव्ह बंद केला. पातेलं मोरीत ठेवलं. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही ना?"

मी पट्टीकडे बघितलं. पट्टीनं काही मदत केली नाही. "नाही," मी म्हणालो.

"थोडासुद्धा?"

"थोडासुद्धा."

"मग कशाला येता दर रविवारी?"

याचं उत्तर मला येत होतं, पण ते तोंडातून निघेना. तिला मात्र ते कळलं असावं, कारण ती एकदम पातेलं घासायला लागली. घासता घासता, माझ्याकडे न बघता, तिनं सगळं ठरवून टाकलं. मामांची नेहमीची खुर्ची भिंतीपासून जरा पुढे, तोंड कपाटाकडे. माझं स्टूल कपाटाला पाठ करून, मामांच्या समोर. स्वयंपाकघराचं दार मामांच्या पाठीशी. तिथे ती उभी राहणार. नाक तर तिला मामांच्या तोडीचं होतं. केसांतल्या फुलाला हात लावला तर फुलांचं घराणं. चौकटीवर बोट टेकलं तर लाकडाचं. मसाल्याच्या डब्याचं झाकण वाजलं तर मसाल्याचं. आंबट खाल्ल्यासारखे डोळे मिटले तर लिंबाचं. बांगड्या मागे सारल्या तर हिरव्याचं. आणि पायाचा अंगठा फरशीवर घासला तर दगडफूल. कुठलाच राजा आपल्या हेरांशी इतक्या बारकाईनं बोलला नसेल.

दसरा उजाडला. मी नवा शर्ट घालून, पण अंगाला काहीही न लावता गेलो. आपट्याची पानं दिली, घेतली. मामांनी पट्ट्या बुडवायला घेतल्या तेव्हा माझं लक्ष इतकं दाराकडे होतं की पहिली पट्टी माझ्या नाकाऐवजी डोळ्यात गेली. मामांच्या खांद्यावरून बघितलं. शालनचा हात फुलावर.

"फुलांचं," मी म्हणालो.

"हं."

दुसऱ्या पट्टीला तिचं बोट चौकटीवर टेकलं आणि नेमकं त्याच वेळी आत मामींनी मसाल्याच्या डब्याचं झाकण आपटलं. त्यांना जिरं हवं होतं. मला एकाच वेळी दोन खुणा. मी गडबडलो, पण सावरून म्हणालो, "लाकडाचं... पण मसाल्याकडे झुकलेलं."

मामांनी भुवया उंचावल्या. "वा! हे मलासुद्धा सुचलं नव्हतं."

लिंबू झालं, हिरवं झालं, दगडफूल झालं. मी आता इतका फॉर्मात आलो होतो की प्रत्येक वासावर दोन शब्द जास्तच बोलत होतो. शेवटची पट्टी आली. मी हुंगली, "वा" म्हणालो आणि मामांच्या खांद्यावरून बघितलं. शालन बावरून उभी होती. तिची मान थोडी पुढे आली, पुन्हा मागे गेली. खूण नाही. मी आणखी एकदा हुंगली. खूण नाही. शेवटी घाबरून तिचा हात आपोआप केसांतल्या फुलाकडे गेला.

"फुलांचं!" मी सुटलो. "मोगरा! वर थोडी लिंबाची झुळूक, आणि तळाला चंदन. जुनं चंदन."

"पाणी आहे ते," मामा म्हणाले. "नळाचं. सकाळी मीच भरलंय."

माझी वाट लागली होती. पण मामा माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "शालन, हात खाली घे. फूल चुरगळेल."

मी मागे वळलो. माझ्या पाठीशी कपाट होतं आणि कपाटाला माणूसभर उंचीचा आरसा होता. इतके रविवार मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. त्या आरशात स्वयंपाकघराचं सबंध दार दिसत होतं, आणि दारात कानापर्यंत लाल झालेली शालन.

मी उठून चपला शोधायला लागलो. मामांनी माझा हात धरला. त्यांचा आवाज एकाएकी घोगरा झाला होता. "बस खाली. या स्टुलावर आधी पाच-सहा पोरं बसली. एकाला तर बऱ्यापैकी नाकही होतं. ही तेव्हाही त्याच दारात उभी असायची. हाताची खूण राहू दे, पापणीनंसुद्धा हिनं कोणाला काही सांगितलं नाही. हिला आईबाप नाहीत. तोंडानं विचारलं तर 'तुम्ही म्हणाल ते' एवढंच म्हणते. उद्या नको त्या घरात पडली तरी तेच म्हणेल. मग मी विचारायचं कसं, सांग? माझ्याकडे दुसरं काय आहे? पट्ट्याच आहेत."

मग मामांनी कोपर हुंगला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नाकात तू नापास. पण एका घरात एक नाक पुरे."

"ता सुद्धा जास्तीच," आतून मामी म्हणाल्या, पण त्यांचा आवाजही भिजलेला होता.

लग्न झालं. अंतरपाट धरलेला असताना मामा कोपर हुंगत होते, आणि अत्तर लावणारा त्या दिवशी आलाच नाही, कारण मामांनी ते काम स्वतःकडे घेतलं होतं. त्यानंतर दर दिवाळीला आमच्याकडे मामांच्या हातचं तेल येऊ लागलं. खोबरेलात स्वतःच्या मापानं वास घालून त्याच्या बाटल्या ते सगळ्या नातेवाइकांना द्यायचे, आणि बाटली हातात ठेवताना वर काय, मधे काय, तळाला काय याचं प्रवचन करायचे. माझ्या वाट्याला प्रवचनाच्या शेवटी "तुला सांगून काय उपयोग, लिंबा!" हे ठरलेलं.

मग मामा निवृत्त झाले आणि एका वर्षी त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण काहीतरी बदललं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. ज्यानं सगळा जन्म नाक असल्याचं सोंग केलं त्याला दुसऱ्याचं सोंग ओळखता येतं. मामींचे बांगडे तव्यावर करपत होते आणि मामा खुर्चीत शांत बसले होते. मामी शेजारून धावत आल्या तेव्हा कुठे त्यांनी नाकपुड्या फुलवल्या आणि "करपले ना? मी म्हणणारच होतो," असं म्हणाले. कोणी फूल पुढे केलं की ते आधी देणाऱ्याचा चेहरा बघायचे. ती माझी विद्या होती. मी ती कुठेही बघितली असती तरी ओळखली असती. मला फार वाईट वाटलं. घरी आल्यावर मी शालनला काही बोललो नाही, आणि तीही मला काही बोलली नाही.

त्या दिवाळीच्या आदल्या दिवशी आम्ही मुलुंडला गेलो. तेलाच्या बाटल्या टेबलावर भरून ठेवलेल्या, पण बुचं लावलेली नव्हती. मामा त्यांच्याकडे बघत बसले होते. दरवर्षीचं प्रवचन नाही. मी स्टुलावर बसलो, शालन मामींना मदत करायला आत गेली. थोड्या वेळानं मामांनी एक पट्टी तेलात बुडवली आणि माझ्यासमोर धरली.

"बघू जावईबापू. इतक्या वर्षांत काही शिकलास का? सांग, कसं झालंय?"

मी पट्टी घेतली. हुंगली. "वा," म्हणालो. आणि सवयीनं मामांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. शालन दारात येऊन उभी राहिली होती. तिचा हात केसांतल्या फुलावर गेला.

"वर मोगरा," मी म्हणालो.

मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचे डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडे, आरशात होते. आरशातल्या तिच्या हाताकडे. तेव्हा कुठे मला कळलं की प्रश्न मला विचारलेलाच नाही.

शालनला ते माझ्याही आधी कळलं असावं. कारण तिनं फुलावरचा हात लगेच काढला नाही. मामांना नीट दिसेल इतका वेळ तसाच ठेवला. मग चौकटीवर बोट टेकलं, सावकाश.

"मधे चंदन," मी म्हणालो.

मग तिनं पायाचा अंगठा फरशीवर घासला.

"आणि तळाला दगडफूल, मामा."

"बरोबर," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा सुटला. "दगडफूल जरा जास्त झालंय का रे?"

मी वर बघितलं. ती नाही नाही म्हणून मान हलवत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

"नाही मामा. नेमकं बसलंय."

"मग लावा बुचं," मामा म्हणाले आणि त्यांनी खूप दिवसांनी कोपर हुंगला.

परत येताना मी शालनला विचारलं, "खरंच तसं झालं होतं तेल?" तिनं हातातली बाटलीची पिशवी सावरली. मग म्हणाली, "नुसतं खोबरेल होतं. वास घालायचा राहून गेला असेल, नाहीतर भलत्याच बाटलीतलं काहीतरी घातलं असेल, उडून गेलेलं." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "मला दुसरं काही सुचेना. मग तळाला त्यांच्या आवडीचं घातलं."

त्या वर्षी आमच्या सगळ्या नातेवाइकांनी साध्या खोबरेल तेलानं अभ्यंग केलं आणि मामांना भेटून सांगितलं की या खेपेचं तेल काही औरच होतं. कोण कोण सोंग करत होतं आणि कोणाला खरंच तसं वाटलं, हे मी कधी विचारलं नाही. पुढच्या दिवाळीला मामा नव्हते.

माझ्या वाटची ती बाटली मी संपवली नाही. बुडाशी थोडं तेल अजून आहे, थंडीत गोठतं, उन्हाळ्यात पातळ होतं. आल्यागेल्याला मी ती उघडून देतो. लोक हुंगतात आणि जरा ओशाळून म्हणतात, "अहो, हे तर खोबरेल आहे." मी म्हणतो, घाई करू नका, तळ यायला वेळ लागतो. मग मी स्वतःही एकदा हुंगतो आणि सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो.